निनावी मत आणि नीती

वृत्तपत्रांतून वाचकांच्या पत्रव्यवहाराचे जे सदर चालते, त्यातील पत्रांखालच्या सह्या वाचण्याची सवय ज्यांस असेल त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आल्यावाचून राहिली नसेल. रस्त्यातील खड्डे, नळाचे पाणी, आगगाडीचा उशीर यांविषयी तक्रार करणारा गृहस्थ आपले नाव व राहण्याचे ठिकाण बिनदिक्कत देतो. परंतु तोच गृहस्थ मंत्र्याच्या धोरणाविषयी, पोलिसांच्या वर्तनाविषयी अथवा सत्ताधारी पक्षाच्या एखाद्या कृत्याविषयी लिहू लागला म्हणजे 'एक नागरिक', 'एक करदाता', 'सत्यप्रिय' असा कोणता तरी बुरखा पांघरतो. अलीकडे छापखान्याची वाट न पाहता, हातातील यंत्रावर बातमी वाचता वाचताच तिजवर मत देण्याची सोय झाली आहे. त्यामुळे बुरख्यांची संख्या वाढली आणि त्यांखालून निघणारा आवाजही चढला. तथापि प्रश्न जुनाच आहे, आणि तो सोयीचा नसून नीतीचा आहे. राज्यकर्त्यांशी असलेला आपला मतभेद जो बोलून दाखवितो, त्याने आपले नाव झाकून ठेवणे न्याय्य आहे काय?

या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे देण्यात येतात. एक पक्ष म्हणतो की, ज्याला आपल्या मताखाली सही करण्याचे धैर्य नाही त्याला मतच नाही. जे आहे ते केवळ कुरकुर होय. दुसरा पक्ष म्हणतो की, दोन आणि दोन चार होतात हे सांगणाराचे नाव विचारण्याची जशी गरज नाही, तद्वत् विचार खरा की खोटा हे पाहावे, तो कोणाचा हे पाहू नये. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोघांचीही दृष्टी लिहिणारावरच खिळून राहिली आहे, आणि त्याच्या लिहिण्याचा भार कोणावर पडतो इकडे तिचे लक्ष नाही, असे आम्हांस वाटते. ते लक्ष वेधावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पहिल्या पक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात घेऊ. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता जो जॉन स्टुअर्ट मिल, तो प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील आपल्या १८६१ सालच्या ग्रंथात गुप्त मतदानाच्या विरुद्ध लिहितो, हे पुष्कळांस आश्चर्याचे वाटेल. त्याचे म्हणणे असे की, मत ही मतदाराची खाजगी मालमत्ता नसून लोकांनी त्याजवर सोपविलेली ठेव आहे. आणि दुसऱ्याच्या ठेवीचा विनियोग करणाराने तो दहाजणांच्या डोळ्यांदेखत करावा, म्हणजे स्वार्थ, द्वेष किंवा लहर यांस मनात वाव राहत नाही. राजकीय टीकेसही हे लागू पडते. ज्याला उद्या सकाळी त्याच गल्लीतून जावयाचे आहे, त्याच कचेरीत बसावयाचे आहे, तो आज लिहिताना शब्द तोलून लिहितो. नाव म्हणजे बोलणाराने आपल्या बोलण्यास दिलेला जामीन होय.

आमच्या परंपरेचा ओढाही याच बाजूस आहे. द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नास भीष्मद्रोणादी वडील निरुत्तर होऊन बसले असता धृतराष्ट्राच्याच पुत्रांपैकी विकर्ण उठला आणि भर सभेत, थोरल्या भावाच्या तोंडावर, हा अधर्म आहे असे बोलला. कर्णाने त्याला पोरकट ठरवून खाली बसविले. सभेचा निर्णय फिरला नाही. तरीही त्या सभेतील शहाण्या मौनापेक्षा त्या एका तरुणाचे अयशस्वी बोलणे आम्ही आजवर अधिक मानीत आलो, याचे कारण त्याने आपल्या मताची किंमत स्वतः भरली हेच होय. अर्वाचीन काळी आगरकरांनीही तीच भरली. त्यांची मते न पटणाऱ्यांनी त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांस स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. पण 'सुधारक' पत्राने आपला सूर पालटला नाही. अशा माणसांचे स्मरण झाले म्हणजे टोपणनाव घेणारा फारच खुजा दिसू लागतो.

परंतु खुजा दिसणे निराळे आणि दोषी असणे निराळे. ज्या टोपणनावांनी या महाराष्ट्रात राजकीय विचारास जन्म दिला ती पुसून टाकली, तर मागे काय उरते ते पाहावे. १८४१ साली मुंबईच्या 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात 'एक हिंदू' अशा अर्थाच्या सहीने आठ पत्रे प्रसिद्ध झाली. कंपनीच्या राज्याने या देशाचे कल्याण झाले, हा तेव्हाच्या सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज होता. या पत्रलेखकाने देशातील संपत्ती समुद्रापार कशी जात आहे आणि येथील धंदे कसे बसत आहेत, हे रोखठोक मांडले. पत्रलेखक भास्कर पांडुरंग तर्खडकर हे होते. संपत्तीच्या अपहाराचा जो सिद्धांत दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून जगापुढे मांडला, त्याचे बीज एका वाचकाच्या निनावी पत्रांत सव्वीस वर्षे आधी पडलेले होते. पुढे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने शंभरावर पत्रे आली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख हे तेव्हा पंचविशीतले व सरकारी नोकरीतले. त्या पत्रांतील बहुतेक कोरडे स्वकीयांच्या आळसावर व अज्ञानावर ओढलेले आहेत. तरीही स्वतःच्या नावाने ते ओढले असते तर जातीत राहणे आणि नोकरीत टिकणे या दोन्ही गोष्टी त्यांस जड गेल्या असत्या, हे उघड आहे.

आणि आपण त्या काळापासून फार दूर आलो आहो, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली जे वर्तननियम झाले, त्यांत सरकारच्या चालू अथवा नजीकच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे. इतकेच नव्हे तर ती मनाई स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने अथवा दुसऱ्याच्या नावाने केलेल्या लिखाणासही लागू आहे. म्हणजे कंपनी सरकारच्या अमदानीत एका सरकारी नोकराला जी पळवाट सापडली, ती स्वतंत्र हिंदुस्थानच्या नियमांत ध्यानपूर्वक बुजविलेली आहे. शासनयंत्राला शिस्त हवी हे आम्ही जाणतो. परंतु देशातील सुशिक्षित वर्गाचा केवढा तरी मोठा भाग अशा नियमांखाली आपले आयुष्य काढतो. तेव्हा 'नाव द्या, नाहीतर गप्प बसा' असे म्हणणारा त्या वर्गाला वस्तुतः 'गप्प बसा' एवढेच सांगत असतो.

नाव देण्याची किंमत प्रत्येकास सारखीच पडत नाही, हे मिलच्या युक्तिवादातील वैगुण्य होय. इंग्लंडातील जमीनदाराला उघड मत देण्यास काही लागत नव्हते. त्याच्या कुळाला मात्र जमीन गमवावी लागे. म्हणूनच मिलचे म्हणणे बाजूस सारून त्या देशाने १८७२ साली गुप्त मतदान स्वीकारले. आमच्या देशात तर याहून सूक्ष्म प्रश्न उपस्थित झाला. कोणताच उमेदवार पसंत नसलेल्या मतदारास १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार मत न देण्याचा हक्क होता. परंतु तो बजावावयाचा तर मतदानकेंद्रावरील अधिकाऱ्यास तसे सांगून नोंदवहीत सही करावी लागे. पसंती गुप्त आणि नापसंती तेवढी उघड, असा हा न्याय होता. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला आणि नापसंतीसाठीही यंत्रावर स्वतंत्र कळ ठेवण्यास निवडणूक आयोगास सांगितले. 'नाही' म्हणणाऱ्यास 'होय' म्हणणाऱ्याइतकेच संरक्षण पाहिजे, हे तत्त्व या निर्णयाने मान्य झाले.

ज्यांनी नाव दिले त्यांचे काय झाले, याचे एक उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर सौम्य शब्दांत आपली नापसंती लिहिली व दुसरीने तिला अनुमोदन दिले. दोघींनीही बुरखा घेतला नव्हता, शिवीगाळ केली नव्हती, कोणास चिथावले नव्हते. दोघींस अटक झाली आणि त्यांपैकी एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे त्यांच्यावरील आरोप टिकले नाहीत, आणि ज्या कायद्याचा आधार घेतला गेला त्यातील ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. हे सर्व ठीकच झाले. परंतु न्यायालयाचा निर्णय येण्यापूर्वी ज्या हजारो घरांत ती बातमी वाचली गेली, तेथील वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलामुलींस 'तू काही लिहू नकोस हो' एवढेच सांगितले असेल. कायद्याचे कलम न्यायालयास रद्द करता येते. घराघरांत बसलेली भीती रद्द करणारे न्यायालय कोठे आहे?

येथवर वाचून वाचक म्हणतील की, मग निनावी मतास मोकळे रान द्या म्हणजे झाले. तसे नाही. निनावी शब्दाने जे अनर्थ केले त्यांचीही गणना केली पाहिजे. उत्तररामचरिताचे कथानक वाचकांस ठाऊकच आहे. दुर्मुख नावाचा हेर नगरातील लोकापवाद रामाच्या कानी घालतो. तो अपवाद पहिल्याने कोणी उच्चारला, त्याला आधार काय, उलटतपासणीस तो उभा राहील काय, यांपैकी कशाचाच पत्ता नाही. शब्द निनावी होता, तो राजापर्यंत पोहोचला आणि त्याचा दंड भोगला कोणी? राजाने नव्हे, गर्भवती सीतेने. राजसत्तेवर टीका करीत असल्याचा आव आणून निनावी जिव्हेने एका असहाय स्त्रीचा बळी घेतला, असा या कथेचा अर्थ आम्हांस दिसतो. आजही मंत्र्यावरील राग त्याच्या मुलीच्या पोशाखावर निघतो, अधिकाऱ्यावरील राग त्याच्या जातीवर निघतो, एखाद्या लेखिकेचे मत न पटले की तिच्या मताऐवजी तिच्या अब्रूचीच चर्चा सुरू होते. आणि हे करणारे बहुधा 'देशभक्त' किंवा 'सत्यवचनी' अशा नावांखाली लपलेले असतात. यास राजकीय निषेध म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे.

तेव्हा पहिली कसोटी दिशेची. नाव झाकण्याचे समर्थन एकाच गोष्टीने होते, ती म्हणजे ज्याच्याविरुद्ध आपण लिहितो तो आपणांस चिरडण्यास समर्थ आहे ही. बलवानाच्या विरुद्ध दुबळ्याने बुरखा घेणे हे आत्मरक्षण होय. दुबळ्याच्या विरुद्ध कोणीही बुरखा घेणे ही गुंडगिरी होय. बलवान म्हणजे सरकारच असे मात्र नव्हे. समाजाची जुलूमशाही सरकारच्या जुलूमशाहीहून अधिक खोल शिरते, असे मिलनेच म्हटले आहे, आणि लोकहितवादींचा बुरखा मुख्यतः समाजासाठीच होता. तसेच सत्ताधारी पुरुषही एक माणूस असतो. त्याची अधिकारपदावरील कृत्ये टीकेस मोकळी आहेत, परंतु त्याचे घर नाही. इंग्लंडात १७६९ ते १७७२ या काळात 'ज्युनियस' या नावाने लिहिणाऱ्या पत्रलेखकाने खुद्द राजास उद्देशून पत्र लिहिले, तेव्हा त्याचा बुरखा सार्थ होता. तोच लेखक पंतप्रधान ग्राफ्टनच्या खाजगी आयुष्याची लक्तरे वेशीवर टांगू लागला, तेव्हा तोच बुरखा त्याला अशोभनीय झाला. नाव एकच, लेखणी एकच. दिशा मात्र पालटली होती.

दुसरी कसोटी सत्याच्या जबाबदारीची. ज्युनियस कोण हे त्याच्या हयातीत उघडकीस आले नाही. पुढे कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जचा हाडवैरी म्हणून प्रसिद्धी पावलेला फिलिप फ्रान्सिस हाच तो, असे आता बहुतेक मानतात. पण खटला कोणावर झाला? छापणाऱ्या वुडफॉलवर. ज्यूरीने चतुराईने 'केवळ छापण्याचा व प्रसिद्ध करण्याचा दोषी' असा निकाल दिला म्हणून तो वाचला. आमच्याकडे टिळकांस असा आधार मिळाला नाही. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता टोपणनावाने प्रसिद्ध झाली होती. तिच्यावर व शिवाजी उत्सवाच्या वृत्तांतावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोषी म्हटले, आणि टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकारविषयी प्रेमाचा अभाव असणे हाच अप्रीतीचा अर्थ, असे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्या वेळी ज्यूरीस समजावून सांगितले. निनावी लेखकाचा भार नाहीसा होत नाही; तो दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जातो, हे या दोन्ही खटल्यांवरून दिसून येईल.

आणि तो खांदा केवळ शौर्यासाठीच वाकतो असेही नाही. कधी तो फसवणुकीनेही वाकतो. १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण प्रसिद्ध आहे. तेथील कारभाऱ्याच्या हातची म्हणून काही पत्रे टिळक व आगरकर यांच्यापुढे आली. छत्रपतींच्या छळाविषयीच्या तळमळीने त्यांनी ती खरी मानली व त्यांच्या आधारे लिहिले. पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरीही चार महिन्यांची शिक्षा झाली व १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू शुद्ध होता, धैर्यही होते, नावेही उघड होती. परंतु ज्याने ते बनावट कागद तयार केले त्याच्या असत्याचे प्रायश्चित्त दोन सत्यनिष्ठ तरुणांस घ्यावे लागले. ज्याला आपले नाव द्यावयाचे नाही त्याच्यावर सत्य तपासण्याची जबाबदारी नाव देणाऱ्याहून दुप्पट आहे, ती यामुळे. नाव देणारा चुकला तर त्याला जाब विचारता येतो. निनावी लेखक चुकला तर ती चूक वाऱ्यावर राहते, आणि वाऱ्यावरची चूक कधीच दुरुस्त होत नाही.

या दृष्टीने वृत्तपत्रांच्या एका जुन्या रिवाजात आम्हांस मोठे शहाणपण दिसते. पत्राखाली टोपणनाव छापावयाचे असले तरी लेखकाने आपले खरे नाव व पत्ता संपादकांस कळवावा, असा तो रिवाज. कित्येकांस ही केवळ कचेरीची कटकट वाटते. वास्तविक यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सत्तेपासून नाव लपविण्याचा हक्क मान्य करायचा, पण सर्वांपासून ते लपविण्याचा हक्क मानावयाचा नाही; निदान एक तरी माणूस असा असावा की ज्याच्यापुढे लेखकाला नजर वर करून उभे राहावे लागेल आणि जो त्याच्या शब्दांसाठी प्रसंगी उत्तर देईल. अशा माणसाच्या विश्वासाखाली जे टोपणनाव नांदते ते प्रतिष्ठित असते.

तिसरी कसोटी संख्येची. आणि आजच्या काळात ती सर्वांत महत्त्वाची आहे. प्राचीन अथेन्सात नको असलेल्या पुढाऱ्यास दहा वर्षे हद्दपार करण्याची चाल होती. प्रत्येक नागरिकाने खापरीच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरून टाकावयाचे. कारण सांगावयाचे नाही, टाकणाराचे नाव नाही. अ‍ॅरिस्टायडीझविषयी प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. एका निरक्षर खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापरी दिली आणि 'यावर अ‍ॅरिस्टायडीझ लिही' म्हणून सांगितले. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारता तो म्हणाला, काहीच नाही, पण जिकडे तिकडे त्याला 'न्यायी' म्हणतात ते ऐकून कंटाळा आला. निष्कारण निषेध कसा असतो याचा हा उत्तम मासला आहे. परंतु याहून उद्बोधक पुरावा विसाव्या शतकात सापडला. अथेन्सच्या गडाच्या उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीझचे नाव कोरलेल्या सुमारे १९० खापऱ्या निघाल्या आणि अक्षर पाहता त्या अवघ्या चौदा हातांनी लिहिलेल्या आढळल्या. म्हणजे चौदा जणांनी मताच्या खापऱ्या आगाऊ घडवून ठेवल्या होत्या. त्या वाटल्या गेल्या असत्या तर नागरिकांस वाटले असते की, अवघे नगर बोलत आहे.

आज त्या विहिरी ठिकठिकाणी खोदलेल्या आहेत. एक मनुष्य वीस नावे धारण करतो, एक कचेरी दोनशे नावे धारण करते, आणि वाचकास वाटते की देश एका सुरात बोलू लागला. सरकारच्या बाजूने हे होते तसेच विरोधकांच्या बाजूनेही होते. नाव झाकणे क्षम्य आहे. स्वतःस गुणून दाखविणे क्षम्य नाही. कारण पहिल्यात लेखक आपली ओळख तेवढी लपवितो, दुसऱ्यात तो इतर हजारो लोकांच्या मताची खोटी साक्ष देतो. लोकहितवादी एकच होता. गोपाळ हरींनी उद्या दुसऱ्या नावाने 'लोकहितवादींचे म्हणणे किती यथार्थ!' असे पत्र धाडले असते, तर त्यांच्या पत्रांस आज आम्ही काय किंमत दिली असती?

या तिन्ही कसोट्यांस उतरणारा निषेध कसा दिसतो, याचेही एक उदाहरण देऊ. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली व वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. त्या दिवसांत मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या निधनवार्तांच्या स्तंभात एक लहानशी जाहिरात झळकली. एक गृहस्थ २६ जून रोजी निवर्तले. त्यांच्या नावाची अक्षरे जुळविली तर लोकशाही असा अर्थ निघत होता, पत्नीचे नाव सत्य, मुलाचे स्वातंत्र्य आणि भावंडांची श्रद्धा, आशा व न्याय अशी होती. मृत्युवार्तांत कोणी राजकारण शोधीत नाही, म्हणून ती नजरेतून निसटली. जाहिरात देणाऱ्याने आपले नाव घातले नव्हते. परंतु त्याने कोणा व्यक्तीस ओरखडा काढला नाही, असत्य सांगितले नाही, आणि आपण लाखजण आहो असा आव आणला नाही. दोनचार ओळींत तो एका वाचकाचे दुःख सांगून गेला, आणि वाचणाऱ्या हजारोंना ते आपलेच वाटले.

त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघडपणे बोलल्या व पुढे त्यांस तुरुंगवास घडला. दोहोंपैकी श्रेष्ठ कोण, असे कोणी विचारील तर दुर्गाबाई, हे सांगण्यास आम्हांस क्षणभरही विचार करावा लागणार नाही. परंतु श्रेष्ठ आहे तेच तेवढे नीतीस मान्य आणि बाकीचे सर्व त्याज्य, असे मानले तर नीती ही थोड्या वीरांची मिरास होऊन बसेल व सामान्य गृहस्थास तिच्यात जागा उरणार नाही. ज्याच्या पगारावर पाच तोंडे अवलंबून आहेत, त्याला दुर्गाबाई होता येत नसेल. त्या जाहिरातीचा लेखक होता येते. आणि त्याने निदान तेवढे व्हावे, अशी आमची अपेक्षा आहे.

कारण टोपणनावाचा खरा धोका निराळाच आहे. ते इतके सोपे, इतके सुखकर असते की त्याने मनातील वाफ निघून जाते आणि कर्तव्य केल्याचे समाधान मिळते. दिवसभर कचेरीत साहेबांच्या प्रत्येक शब्दास मान डोलवावी आणि रात्री बुरख्याआडून राज्यकर्त्यांस यथेच्छ शिव्या द्याव्या, असा ज्यांचा क्रम असेल त्यांच्या निषेधास सत्ता कधीच भीत नाही. तिला तो एका परीने हवाच असतो. शिवीमुळे विरोधकांचा कायदा कडक करण्यास निमित्त मिळते, आणि शिवी देणारा उद्या मोर्चात, सभेत किंवा मतदानकेंद्रावर येणार नाही याची खात्रीही मिळते. ज्या टीकेत एकही आकडा नाही, एकही कारण नाही, दुसरे काय करावे याची एकही सूचना नाही, ती निनावी असली काय किंवा सहीची असली काय, सारखीच पोकळ. तर्खडकरांची पत्रे आज आम्ही स्मरतो ती त्यांत संताप होता म्हणून नव्हे; संतापाबरोबर हिशेबही होता म्हणून.

म्हणून टोपणनाव ही आम्ही उसनवारी समजतो. बलवानाच्या भीतीने जो नाव देऊ शकत नाही, त्याला समाज आपल्या विश्वासातून काही काळ पत उसनी देतो. आणि सत्य, संयम व एकवचनीपणा या नाण्यांत ती फेडावी लागते. जो फेडीत नाही त्याच्यामुळे पुढच्या खऱ्या गरजूची पतही बुडते. परंतु कर्ज काढणाऱ्यास बोल लावताना, कर्ज काढण्याची पाळी त्याच्यावर कोणी आणली हेही विचारले पाहिजे. ज्या देशातील शहाणा व शांत वाचक आपल्या मताखाली सही करण्यास कचरतो, त्या देशाच्या भ्याडपणाची गोष्ट त्या वाचकापाशी संपत नाही. ती त्याच्या कचेरीपर्यंत, त्याच्या शेजाऱ्यांपर्यंत, आणि आम्हां शिक्षकांच्या वर्गापर्यंतही जाते, जेथे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा टिपणे उतरून घेणारा विद्यार्थी गुणी ठरतो.

सरकारचे नियम बदलणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. पण जेवणाच्या पाटावर बसून वर्तमानपत्राची चर्चा करताना घरातील धाकट्याने वडिलांच्या विरुद्ध मत दिले, तर 'तुला काय कळते' असे न म्हणता 'तुझे कारण सांग' असे म्हणणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. तेथे ज्याला आपले मत आपल्या नावाने बोलण्याची सवय लागली, त्याला पुढे बुरखा शोधण्याची गरज कमी पडेल. आणि क्वचित तो घ्यावाच लागला, तर त्याआडूनही तो घरच्यासारखेच, कारण देऊन, बोलेल.